मोकळ्या तोंडाचा बैल

मळणीयंत्रवाल्याने शुक्रवारी सकाळी फोन केला. "काका, बेअरिंग गेलंय. सोमवारशिवाय काही होत नाही," एवढं बोलून त्याने ठेवून दिला. मी आभाळाकडे बघितलं. डोंगरामागून ढग वर येत होते. काळे नव्हते, पण भरवसा ठेवावा असेही नव्हते. खळ्यावर गव्हाच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्यांच्यावर पाऊस पडला असता तर दाणा जागच्या जागी फुगून काळा पडला असता आणि वर्षाची मेहनत कोंबड्यांना घालावी लागली असती.

"आता?" मुलगा म्हणाला.

"आता नवरदेव," मी म्हणालो.

नवरदेव म्हणजे आमचा बैल. त्याची आई व्याली आणि लगेच गेली, म्हणून माझ्या बायकोने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. वासरू होता तेव्हापासून त्याची चाल अशी, की घाई कसलीच नाही, मान ताठ, चार लोक आपल्याकडेच बघतायत अशा थाटात पाऊल टाकणार. "लग्नाला निघालाय मेला," ती म्हणाली आणि तेच नाव पडलं. संध्याकाळी ती दारातून हाक मारायची, "नवरदेव, या जेवायला!" गोठ्यातून तो मान वर करायचा आणि ओट्यावरून मी. ती आधी त्याला वाढायची.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. हल्ली आम्हा दोघांना जेवायला बोलवायचं काम सूनबाई करते. त्याला ती नवरदेवच म्हणते, मला बाबा.

सूनबाई मोठी चांगली, पण तिच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की बसली. सासू गेल्यावर काही दिवसांनी तिने मटण खायचं सोडलं. घरात मेहुणाच खाटीक, त्यामुळे आमच्याकडे मटणाला कधी तोटा नव्हता. ती करायची, आम्हाला वाढायची, स्वतःच्या ताटात मात्र शेंगांची भाजी घ्यायची. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणाला उपदेशही केला नाही. मेहुणा एकदा जेवायला होता, तो म्हणाला, "सूनबाई, तू अशीच राहिलीस तर माझ्या दुकानाला टाळं लागेल."

"मामा, मी एकटी असं किती खात होते?"

"तुला काय ठाऊक! तू चांगलं खायचीस. मी मोजून पाठवायचो."

मुलगा ठसका लागेपर्यंत हसला.

गेल्या रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांनी उपदेशाला बैलाचं वचन घेतलं. धान्य तुडवणाऱ्या बैलाचं तोंड बांधायचं नाही, असं शास्त्रात आहे. मग ते म्हणाले की हे खरं तर बैलासाठी नाही, देवाच्या सेवकांसाठी आहे. जो वचनाच्या खळ्यावर राबतो त्याच्याही तोंडात काही पडलं पाहिजे. सुगीचे दिवस होते, तेव्हा ते काय म्हणतायत ते सगळ्यांना कळलं. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

परत येताना सूनबाई म्हणाली, "बाबा, बैल म्हणजे पाळक, हे कुठून आलं?"

"पुढे कुठेतरी तसं लिहिलंय म्हणे."

"पण आधी तर बैलच होता ना?"

"आधी बैल होता," मुलगा म्हणाला, "नंतर त्याला बढती मिळाली."

मी रस्त्यात उभा राहून हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो म्हणून दोघंही माझ्याकडे बघत राहिली.

तर शुक्रवारी आम्ही घाईघाईने खळं झाडलं. मधल्या खांबाभोवती पेंढ्या सोडून पसरल्या आणि नवरदेवाला गोठ्यातून सोडून आणलं. सकाळची वैरण त्याला टाकायची राहिली. ढगांच्या नादात कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी खुंटीवरचं मुसकं काढलं. काथ्याची जाळी असते, बैलाच्या तोंडावर चढवायची, म्हणजे मळताना त्याला धान्यात तोंड घालता येत नाही.

"हे बांधायचंच का बाबा?" सूनबाई म्हणाली.

"मग काय करायचं? गहू खाईल तो."

"खाऊ दे की. शेत नांगरलं कुणी? त्यानेच. आता तुडवणारही तोच. आणि घासभर खाल्लं तर आपलं काय जातं?"

"तुझी सासूसुद्धा बांधायची."

"बांधायच्या? आणि मग?"

"मग त्याच्याशी बोलत बसायची. माफी मागितल्यासारखं."

"म्हणजे त्यांनाही पटत नव्हतं," ती म्हणाली.

 मी मुसकं बांधलं आणि नवरदेवाला हाकललं. तो आपल्या थाटात फिरू लागला. खुरांखाली पेंढ्या करकरत होत्या, कुसळं उडून गळ्यात, कानात, घामात चिकटत होती. मुलगा त्याच्यामागून फिरत होता, मी दाताळ्याने कड आत ओढत होतो. उन्हात ढगाची सावली यायची, जायची. प्रत्येक वेळी आम्ही तिघंही वर बघायचो.

दुपारच्या आधी दाताळ्याचा दात मोडला. मी ते घेऊन लोहाराकडे गेलो. लोहाराच्या भट्टीवर आधीच गर्दी होती, सगळ्यांनाच तेच ढग दिसत होते. परत आलो तेव्हा खळ्यावर नुसती शांतता. मुलगा झाडाखाली भाकरी खात बसलेला. मुसकं खांबावर लटकत होतं. आणि नवरदेव मळलेल्या गव्हाच्या ढिगापाशी उभा राहून पाणी प्यावं तसा दाणे ओढत होता. सूनबाई शेजारी उभी राहून त्याचं कपाळ खाजवत होती.

"कधीपासून खातोय?" मी ओरडलो.

"तुम्ही गेल्यापासून थोडं थोडं…" तिचा चेहरा उतरला. "भूक लागली होती त्याला बाबा. सकाळी कुणी वैरणच घातली नव्हती, मला नंतर आठवलं."

तिथेच सगळा घोटाळा होता. पोट भरलेला बैल दोन घास घेतो आणि पुढे चालतो. उपाशी बैल थांबत नाही. कोरडा गहू पोटात जाऊन फुगतो, आंबतो, त्याचा वायू धरतो. मी त्याला ओढून बाजूला काढला, पण ढिगाला केवढी खोक पडली होती ते दिसतच होतं.

थोड्या वेळाने त्याने चालायचं सोडलं. मग डावी कूस वर यायला लागली. आधी खड्डा भरला, मग ती पाठीच्या कण्याच्या बरोबरीने आली, मग त्याच्याही वर. मी बोटाने टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज आला. तो मान लांब करून, जीभ बाहेर काढून उभा होता आणि दर श्वासाला कण्हत होता. मागचे पाय पोटाकडे ओढायचा, खाली बसायला बघायचा.

"बसू देऊ नका!" मी म्हणालो. "बसला की संपला."

मुलाने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पलीकडच्या वस्तीवर म्हशीच्या बाळंतपणात अडकले होते. म्हणाले, गोडंतेल पाजा, खायचा सोडा पाजा, चालवत ठेवा, पुढचा भाग उंचावर घ्या, मी सुटलो की येतो. कधी सुटणार ते त्यांच्या नाही, म्हशीच्या हातात होतं.

सूनबाईने स्वयंपाकघरातली तेलाची बरणी पालथी केली. मी नवरदेवाचं डोकं वर धरलं, मुलाने जबड्याच्या कडेने बाटली घातली. निम्मं त्याच्या पोटात गेलं, निम्मं माझ्या बाहीत. सोडाही तसाच पाजला. मग कडुनिंबाची हिरवी फांदी त्याच्या तोंडात लगामासारखी आडवी घालून शिंगांना बांधली, म्हणजे तो चघळत राहील, लाळ सुटेल आणि वायूला वाट मिळेल. एवढं करेपर्यंत मेहुणा आला. मुलानेच त्याला फोन केला होता. खांद्यावर कातडी पिशवी होती. त्यात काय असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याने नवरदेवाभोवती एक फेरी मारली, कुशीवर हात ठेवला आणि मला बाजूला घेतलं.

"दाजी, स्पष्ट बोलू?"

"बोल."

"हा असाच गेला तर मातीत जाणार. कुणाच्याच उपयोगाचा नाही. आत्ता मोकळा केला तर त्याचेही हाल वाचतील आणि चार घरांत मटण जाईल. पण आत्ता. थांबून नंतर नाही. तुम्ही मालक, तुम्ही सांगा."

तो वाईट बोलत नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. मी आयुष्यभर मटण खाल्लंय, आणि ते कुठून येतं हे मला कधी कोडं पडलं नाही. पण बाटलीने दूध पिणारं ते वासरू माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आणि समोरचा बैल कण्हत होता, तो आवाजही माझ्याने ऐकवेना.

"मामा," सूनबाई म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. दावं तिच्याच हातात होतं. "मी काही पाप-पुण्य म्हणत नाही. तुम्ही खा, हे खातात, बाबा खातात, मी कधी काही बोलले?"

"नाही बोललीस. नुसतं शेंगांकडे बघून जेवतेस, तेवढंच पुरतं," मेहुणा म्हणाला.

"मला खाववत नाही, ते माझं मी बघेन. पण याला नको. सासूबाईंची शवपेटी यानेच नेली. चिखल होता, मोटार येत नव्हती. कबरस्तानापर्यंत छकड्यातून यानेच नेली, आणि एकदाही गचका बसू दिला नाही."

मेहुण्याची ती सख्खी बहीण.  पिशवीचा पट्टा त्याने एकदा खांद्यावरून उतरवला, पुन्हा चढवला.

"आणि तोंड मी सोडलं," सूनबाई म्हणाली. "तेव्हा चालवतेही मीच. पडला तर मग तुमचं."

"काय दाजी?"

"पडेपर्यंत चालवू," मी म्हणालो.

मेहुण्याने पिशवी झाडाला अडकवली आणि बाह्या वर सारल्या. "मग ही अशी काय चालवतेस, फुलं वेचल्यासारखी? इकडे आण. मागून ढकलायला माणूस पाहिजे." आणि त्याने नवरदेवाच्या ढुंगणाला खांदा लावला.

असं आम्ही त्याला खळ्याभोवती फिरवत होतो. सूनबाई पुढे, मेहुणा मागे, मी आणि मुलगा दोन्ही बाजूंनी कूस चोळत. गव्हाकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. तेवढ्यात पाळकसाहेब आले. पांढराशुभ्र सदरा, काखेत दुमडलेलं रिकामं पोतं. आमची वरात बघून ते जागीच थांबले.

"काय झालं?"

"तुमचं वचन झालं," मुलगा म्हणाला. "हिने बैलाचं तोंड सोडलं."

पाळकसाहेबांनी सूनबाईकडे बघितलं. "अगं, पण मी म्हणालो होतो ना, ते सेवकांसाठी आहे म्हणून?"

"सेवकांनी उपाशीपोटी एवढं खाल्लं असतं तर तेही फुगले असते," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंड काही थांबलं नव्हतं. "बैल म्हटलं की मला बैलच दिसतो पाळकसाहेब. मी काय करू?"

 पाळकसाहेबांनी ते पोतं कुंपणावर टाकलं. "कुठे धरू?" त्यांनी विचारलं.

"पुढचे पाय उंच घ्यायचेत," मी म्हणालो. "उकिरड्यावर चढवू त्याला."

शेणखताचा ढीग खळ्याच्या पलीकडेच होता. ओला होता. आम्ही ओढत, ढकलत, शिव्या घालत नवरदेवाचे पुढचे पाय त्याच्यावर चढवले. शिव्या मेहुणा घालत होता, पाळकसाहेब त्यांच्या मधल्या जागेत प्रार्थना करत होते. ते गुडघ्यापर्यंत खतात उभे राहून बैलाचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून होते. सदऱ्याचा रंग कधीच गेला होता.

"चोळा, चोळा," मेहुणा ओरडत होता. "वरून खाली नाही दाजी, खालून वर! कणीक मळताय का?"

आम्ही मुठींनी चोळत राहिलो. माझे खांदे भरून आले. नवरदेवाचे डोळे पांढरे झाले होते, पाय थरथरत होते. एकदा त्याचे मागचे गुडघे वाकले तेव्हा मेहुण्याने पाठ लावून त्याला तोलून धरलं आणि म्हणाला, "उभा राहा रे, माझ्या बहिणीच्या लाडक्या, उभा राहा." तो हे मोठ्याने बोलला हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

आणि मग आत कुठेतरी गुडगुडलं. नवरदेवाने मान आणखी लांब केली, फांदीवरून फेस गळला, आणि त्याने ढेकर दिली. तसली ढेकर मी जन्मात ऐकली नव्हती. लांबच लांब, आंबलेली, संपतच नव्हती. ती सगळी पाळकसाहेबांच्या तोंडावर गेली. त्यांचे केस उडाले.

"आमेन," ते म्हणाले, डोळे मिटूनच.

मग दुसरी आली, मग तिसरी. माझ्या हाताखाली कूस मऊ पडल्यासारखी झाली. मागच्या बाजूनेही सुटायला लागलं, तिथे मेहुणा होता. तो नाकाला हात न लावता हसत उभा राहिला. सूनबाई खतातच बसली आणि आधी रडली, मग हसली, मग तिला दोन्ही एकदम यायला लागलं. मुलगा म्हणाला, "अगं, ऊठ, आता तुला कोण चालवणार?"

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. म्हशीला रेडी झाली होती. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, धोका अजून गेला नाही. वायू सुटला म्हणजे पोट चालू झालं असं नाही. तो रवंथ करायला लागला तर वाचला समजा, नाही केला तर सकाळी मला कळवा. मेहुणा घरी गेला नाही. त्याची पिशवी झाडालाच होती. आम्ही सगळे हातपाय धुऊन जेवायला बसलो. ताटात उकडलेले बटाटे आणि शेंगा होत्या, बिनतेलाच्या, कारण घरातलं सगळं तेल नवरदेवाने प्यायलं होतं. मेहुण्याने दोनदा मागून घेतलं आणि पाळकसाहेबांनी तीनदा.

"वाईट नाही," मेहुणा म्हणाला. "मटण असतं तर चांगलं लागलं असतं, पण वाईट नाही."

"मामा, खरं सांगा, आज मटण गेलं असतं तुम्हाला?"

त्याने विचार केला. "आज नसतं गेलं," तो म्हणाला. "उद्याचं मी काही सांगत नाही."

उजाडायच्या बेताला मी गोठ्यात गेलो. नवरदेव बसलेला होता. बसलेला बघून मी दारातच थांबलो. पण पाय नीट अंगाखाली घेतलेले, मान सरळ. मी जवळ जाऊन उकिडवा बसलो. जबडा हलत नव्हता. कान माझ्याकडे वळले, तेवढंच. मी बराच वेळ नुसता बघत बसलो. माश्यासुद्धा अजून जाग्या झाल्या नव्हत्या. मग त्याच्या गळ्यातून खालून वर एक गाठ सरकत आली, ती मला कातडीखाली दिसली, आणि त्याचा जबडा डावीकडे गेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, सावकाश, त्याच्या नेहमीच्या थाटात.

मी गोठ्याच्या दारातून घराकडे ओरडलो, "अगं ए! रवंथ करतोय गं! ये लवकर!"

ही हाक मी आयुष्यात एकाच माणसाला मारत आलो. तोंडातून गेल्यावर मला कळलं. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

"आले, आले!" आतून सूनबाई म्हणाली. ती पिठाच्या हातांनी, अनवाणी धावत आली. तिच्यामागे मुलगा आला आणि मुलाच्या मागे पांघरूण गुंडाळलेला मेहुणा. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. हाक कुणाला होती ते तिला नक्की कळलं होतं.  ती फक्त बघत राहिली आणि नवरदेवाबरोबर तिचाही जबडा हलायला लागला. मी ते मुलाला दाखवलं.

ढग मात्र रात्रीतून जवळ आले होते. नवरदेवाला कामाला जुंपायचं नव्हतं, ते कुणाला विचारायचीही गरज पडली नाही. आम्ही त्याला झाडाच्या सावलीत बांधला, पुढे सुकं गवत टाकलं आणि काठ्या घेतल्या. पेंढी आपटायची, झोडपायची, उलटायची, पुन्हा झोडपायची. मेहुण्याने दुकान बंद ठेवलं. तो सदरा काढून असा झोडपत होता की पेंढीलाच जीव असावा.

पाळकसाहेब मुलाचा जुना सदरा घालून आले. काठी त्यांच्या हातात बसेना. तीन फटक्यांत एक त्यांच्याच नडगीवर पडायचा. शेवटी सूनबाईने त्यांच्या हातातून काठी काढून घेतली. "तुम्ही तुडवा पाळकसाहेब. ते जमेल तुम्हाला."

मग ते जोडे काढून पेंढ्यांवर चढले आणि मधल्या खांबाभोवती फिरायला लागले. कुसळं टोचत होती, त्यामुळे पाय उचलून उचलून टाकत होते. सावलीतून नवरदेव रवंथ करत त्यांच्याकडे बघत होता. चार फेऱ्या झाल्यावर ते घामाने निथळत थांबले, वाकून मूठभर गहू उचलला, फुंकर मारून कुसळं उडवली आणि मग जरा ओशाळून आमच्याकडे बघितलं.

"खा हो," सूनबाई म्हणाली. "इथे कुणी तोंड बांधणार नाही. सकाळी काही पोटात टाकलंय ना, तेवढं सांगा."

"टाकलंय," ते म्हणाले आणि मूठ तोंडात टाकली.

"मग चला पुढे."

आणि ते गहू चावत पुढे चालू लागले. पहिला थेंब पडला तेव्हा शेवटचं पोतं मी आणि मेहुणा दोघं मिळून उंबऱ्याच्या आत ओढत होतो.